सोमवारची गोळी

सोलापुरात आमच्या घराची मागची भिंत एका मागाच्या शेडला लागून होती. शेडमध्ये सहा यंत्रमाग होते. सकाळी सातला ते सुरू झाले की दिवेलागणीपर्यंत भिंत थरथरत असायची आणि फळीवरची पितळेची भांडी एकमेकांवर वाजायची. पाहुणे आले की पहिल्याच दिवशी कानांत बोटं घालून विचारायचे, "तुमी हितं ऱ्हाता तरी कसं?" आम्हाला त्या आवाजाचं काहीच वाटत नसे. उलट तो थांबला की आम्ही दचकायचो, काय झालं म्हणून दारात जाऊन बघायचो.

अक्काचं कसब याच्याही पुढचं होतं. भाकरी थापता थापता ती सांगायची, "कोपऱ्यातला बंद पडला." खरंच तोच माग बंद पडलेला असायचा. शेडचे मालक तेलुगू बोलणारे, वयस्कर आणि थट्टेखोर. भिंतीपलीकडून ते ओरडायचे, "काय अक्का, किती चालू आहेत आज?" अक्का हातातलं काम न थांबवता उत्तर द्यायची, "पाच चालू हाईत, सहावा नुसता नाटकं करतोय!" मग पलीकडून हसण्याचा आवाज यायचा.

अक्का माझी थोरली बहीण, माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठी. तिला मैंदर्गीला दिली होती. लग्नाला तीन वर्षं झाली न झाली तोच तिचे सांधे सुजायला लागले. अंगात बारीक ताप राहायचा, केस मुठीमुठीने गळायचे, आणि दोन्ही गालांवर आणि नाकावर लालभडक चट्टा उठायचा. उन्हात गेली की तो आणखीच फुलायचा. तिकडे लोक कुजबुजायला लागले, हा महारोग तर नाही? मग एक दिवस सासरची माणसं तिला तिच्या ट्रंकेसकट आमच्या दारात सोडून गेली. "बरी झाली की न्यायला येतो," असं म्हणाली. कुणी आलं नाही. अप्पा, आमचे वडील, आधीच गेलेले. त्यामुळे घरात आम्ही तिघीच, अव्वा म्हणजे आमची आई, अक्का आणि मी.

मी दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करायचे. मॅट्रिकनंतर त्याचं शिक्षण घेतलं होतं. रक्त, लघवी, थुंकी तपासायची, काचपट्ट्या रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकात डोळा घालून बसायचं. आमच्या गल्लीत पांढरा कोट घालणारी बाई मी एकटीच, त्यामुळे माझे पाय जमिनीला लागत नव्हते. कुणाला खोकला झाला, कुणाचं पोट दुखलं, की बायका मला विचारायला यायच्या, आणि मी दोन इंग्रजी शब्द टाकून उत्तर द्यायचे. नाकाच्या शेंड्यावर राग तर लहानपणापासूनच होता. त्यात हे शहाणपण आलं.

अक्काला मी आमच्याच दवाखान्यातल्या डॉक्टरांना दाखवलं. ते बोलायला मोजके, पण वाचणारे होते. गालांवरचा चट्टा बघून त्यांनी मला बाजूला घेऊन एका तपासणीबद्दल सांगितलं. आमच्या प्रयोगशाळेत ती तोवर कुणी केलेली नव्हती. रक्त गोठू द्यायचं, गाठ मोडायची, तास-दोन तास उबेत ठेवायचं आणि त्यातल्या पांढऱ्या पेशींची काचपट्टी करायची. एक विशिष्ट पेशी सापडली तर निदान पक्कं. पहिल्या दिवशी काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशी रंगच बिघडला. तिसऱ्या दिवशी दुपारी, डोळे चुरचुरत असताना, ती दिसली. एका पांढऱ्या पेशीच्या पोटात गुळगुळीत जांभळा गोळा होता. तिने आपल्याच भाईबंदाचा गाभा गिळला होता. मी उठून पळतच डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी समजावलं ते असं. रोगजंतूंशी लढणारी शरीराची शक्तीच उलटी फिरते आणि शरीरावरच तुटून पडते. हे मी घरी येऊन अव्वाला सांगितलं. ती जात्याशेजारी बसली होती. जरा विचार करून म्हणाली, "म्हंजे चोर घरातलाच हाय म्हन की."

पण खरं सांगायचं तर त्या दिवशी मला वाईट कमी आणि आनंद जास्त झाला होता. अक्काचा आजार मी शोधला होता! हे मी भेटेल त्याला सांगितलं. तो आजार जणू माझ्याच मालकीचा झाला. त्यानंतर अक्काला काहीही झालं की ते कशाने झालं हे मला आधीच माहीत असायचं.

डॉक्टरांनी छोट्या पांढऱ्या गोळ्या सुरू केल्या. पंधरा दिवसांत अक्काची बोटं मिटायला लागली. महिन्याभरात ती पुन्हा भाकरी थापू लागली. चेहरा मात्र सुजून गोल झाला. अव्वाला ती सूज अंग धरल्यासारखी वाटायची, म्हणून ती खूश. गोळ्या देताना डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, या गोळ्या मनाने कधीही बंद करायच्या नाहीत. दुसरी, या गोळ्यांनी अंगाची लढायची ताकद कमी होते आणि तापही लपतो, तेव्हा कुठे काही पिकलं, वाहिलं, दुखलं, तर लगेच घेऊन यायचं. मी दोन्हींना मान हलवली. लक्षात पहिलीच ठेवली.

आमच्याकडे सोमवार कडक. अक्का लहानपणापासून सोमवार धरायची. सकाळी आंघोळ, कपाळाला विभूती, तळहातावर इष्टलिंग घेऊन पूजा, आणि मग दिवसभर पोटात काही नाही. गोळ्यांच्या पाकिटावर कंपाउंडरने ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "जेवणानंतर." अक्काने त्याचा सरळ अर्थ लावला. सोमवारी जेवण नाही, म्हणून सोमवारी गोळी नाही. दर सोमवारची गोळी ती पाकिटात परत ठेवायची, आणि हे तिला इतकं बरोबर वाटत होतं की त्याबद्दल कुणाशी बोलावं असं तिच्या मनातही आलं नाही.

उन्हाळ्यात एकदा मी पाकीट हातात घेतलं. त्यात असायला हव्या त्याहून जास्त गोळ्या उरल्या होत्या. विचारल्यावर तिने भोळेपणाने सगळं सांगितलं. माझं डोकंच फिरलं. मी काय काय बोलले ते लिहितानाही मान खाली जाते. "महादेवाला काय तुझ्या भाकरीची चटक लागलीय? मर की मग उपाशी! मी तिथं डोळे फोडून आजार शोधायचा आणि तू हितं देव देव करत बसायचं!" शेडमधला आवाज असूनही शेजारणी दारात आल्या.  अक्काने पदराने हात पुसले आणि ती चुलीकडे वळली. अव्वा मात्र म्हणाली, "ब्याड, पुरे कर आता." अव्वा रागावली किंवा घाबरली की कन्नडवर जायची.

पुढे मी तो विषय काढला नाही. सोमवारी सकाळी मी आठला बाहेर पडायचे तेव्हा अक्का कपाळाला विभूती लावून पूजेला बसलेली दिसायची. मी मनात म्हणायचे, बघा, एवढं बोलून काही उपयोग नाही. मी चरफडत सायकलरिक्षात बसायचे. अक्का हट्टी आहे, असं मी पक्कं ठरवून टाकलं होतं. वास्तविक आमच्या घरात हट्टी कोण होतं हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती, त्या सालचा श्रावण. अक्काच्या उजव्या कानात ठणका लागला आणि मग कान वाहू लागला. अव्वाने लसूण घालून तेल कडवलं, कोमट करून कानात सोडलं आणि कापसाचा बोळा घातला. चार-पाच दिवसांनी ठणका थांबला, वाहणं थांबलं नाही. अव्वा मला म्हणाली, "कानाचं जरा डाक्टरला सांग की गं." मी "सांगते" म्हणाले. दवाखान्यात गेल्यावर कामात विसरले. दोन दिवसांनी तिने परत सांगितलं, मी परत विसरले. माझ्या टेबलाच्या पाठीमागेच डॉक्टरांची खोली होती, पंधरा पावलांवर.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी मी घरी आले तर अक्का डोक्याला फडकं गच्च आवळून पडली होती. "तली, तली," एवढंच म्हणत होती. तली म्हणजे डोकं. मंगळवारी पहाटे दोनदा उलटी झाली. उजेड डोळ्यांना सहन होईना. मी तिला टांग्यात घालून दवाखान्यात आणलं. तोवर ती शुद्धीवर होती, बोलत होती. टांग्यात मला म्हणाली, "तुझं आज काम बुडलं का गं?"

डॉक्टरांनी तपासलं. ताप नावाला होता. मान जराशी जड वाटली, पण ताठ म्हणावी अशी नव्हती. ते विचारात पडले. मी त्यांच्या शेजारीच उभी होते. अव्वा बाहेर व्हरांड्यात बसली होती. मी डॉक्टरांना अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत, अगदी ठासून सांगितलं, "सर, पेशंट सोमवारी डोस घेत नाही. उपवास करते. श्रावणात तर विचारूच नका. डोस चुकल्यामुळे जुना आजारच ब्रेनमध्ये गेला असणार."

तसं होऊ शकतं हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाले, "शक्य आहे. तरीपण पाठीतलं पाणी काढून बघू या का? एकदा खात्री होईल."

पाठीत सुई घातली की माणूस कमरेतून जातं, असं तेव्हा सगळेच म्हणायचे. मी म्हणाले, "आई तयार होणार नाही, सर. आणि ताप तर नाहीच." डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेरची नव्हते, त्यांच्याच दवाखान्यातली होते, आणि ती माझी बहीण होती. ते म्हणाले, "बरं. तुम्ही म्हणता गोळ्या चुकल्यात, तर डोस वाढवून पाहू." त्याच गोळ्यांचं औषध त्यांनी इंजेक्शनने, तिप्पट-चौपट, सुरू केलं.

बाहेर आल्यावर अव्वाने विचारलं, "कानाचं सांगितलंस का?"

मी तिच्यावर खेकसले. "कानाचं काय घेऊन बसलीस अव्वा? तिच्या मेंदूला झालंय!" अव्वाने कानाचा विषय सोडला. मेंदू म्हटल्यावर आपल्याला काय कळतंय, असं तिला वाटलं असेल.

बुधवारी अक्काला जरा आराम पडल्यासारखा वाटला. त्या औषधाने सूज उतरते, म्हणून तेवढ्यापुरतं बरं वाटतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी अव्वाला म्हणाले, "बघ, मी म्हटलं होतं की नाही." त्याच दिवशी तिच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मी स्वतः मोजल्या. त्या भरमसाट वाढलेल्या होत्या. या औषधानेही पेशी वाढतात, म्हणून मी कागदावर आकडा लिहिला आणि पुढच्या नळीला हात घातला. दुसऱ्या कुणाचं रक्त असतं तर मी उठून डॉक्टरांकडे गेले असते. आपल्या माणसाला काय झालंय ते आपल्याला आधीच कळलंय असं वाटतं. तेच मला नडलं.

गुरुवारी ती असंबद्ध बोलायला लागली. मैंदर्गीच्या विहिरीवर घागर राहिलीय, ती आणायची आहे, असं काहीतरी. मला ओळखलं नाही. शुक्रवारी सकाळी तिला झटका आला. दात घट्ट मिटले, डोळे वर गेले, अंग लाकडासारखं ताठ झालं. माझ्या हातातली नळ्यांची लाकडी चौकट खाली पडली.

डॉक्टर धावत आले. या वेळी त्यांनी मला काही विचारलं नाही. सरळ व्हरांड्यात अव्वाकडे गेले आणि म्हणाले, "आजी, पाठीतून पाणी काढून तपासावं लागेल. इथे अंगठा द्या."

अव्वाने अंगठा पुढे केला. "टोच बाबा, कुटं टोचायचं तितं टोच. इतकं दिस का थांबलास? माझी लेक उटू दे."

मी दाराशी उभी होते. आई तयार होणार नाही, हे मी मंगळवारी तिला न विचारताच सांगितलं होतं.

पाठीतलं पाणी निरोगी माणसात विहिरीच्या पाण्याइतकं नितळ असतं. आमची एक साधी रीत होती. नळी हातात आली की तिच्यामागे वर्तमानपत्र धरायचं आणि नळीतून अक्षरं वाचता येतात का बघायचं. वाचता आली तर पाणी स्वच्छ. त्या दिवशी नळी माझ्याच टेबलावर आली. दुसरं कुणी नव्हतं. मी पेपर धरला. आत तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं होतं. बारीक अक्षरं सोडाच, मथळाही दिसेना. मी पेपर जवळ घेतला, मग लांब धरला. मग नळी खिडकीशी नेली. दिसत नव्हतं ते दिसत नव्हतंच.

काचपट्टी रंगवून खाली बघितलं. पूच पू होता, आणि त्यात जांभळे ठिपके, दोन दोन जोडीने. कुणालाही दिसले असते. तीन दिवसांपूर्वीही दिसले असते. मेंदूभोवती जंतूंनी पू केला होता, आणि आम्ही तिच्या अंगात लढायची उरलीसुरली ताकदही इंजेक्शनं देऊन झोपवत होतो.

कागद घेऊन मी डॉक्टरांसमोर उभी राहिले. त्यांनी वाचला आणि एकच प्रश्न विचारला. "कान वाहत होता का?"

मी म्हणाले, "हो. पंधरा दिवस."

 पेनिसिलिनची चिठ्ठी लिहिता लिहिता ते म्हणाले, "माझं चुकलं. मी तुमचं ऐकायला नको होतं." त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दर चार तासांनी इंजेक्शन. अक्काच्या दोन्ही दंडांवर, मांड्यांवर सुई टोचायला जागा उरली नाही. मी दिवसा प्रयोगशाळेत आणि उरलेला वेळ तिच्या खाटेशी बसायचे. देवाशी माझं फारसं पटत नसे, तरी त्या दिवसांत मी महादेवाला म्हणाले, तुझे सगळे सोमवार तिने उपाशी काढले, आता तूच बघ. अव्वा काही मागायची नाही. तिचे पाय चेपत बसायची.

दहा-अकरा दिवसांनी अक्काने डोळे उघडले आणि पाणी मागितलं. मी मोरीवर जाऊन मोठ्याने रडले. नंतरचे दिवस ती बरी होत गेली. जेवायची, उठून बसायची, आम्हाला बघून हसायची. पण काही विचारलं तर नुसती तोंडाकडे बघत राहायची, किंवा भलतंच उत्तर द्यायची, आणि तेही ओरडून. नर्सने मला विचारलं तेव्हा मी म्हणाले, "मेंदूला सूज होती ना. सुधारेल हळूहळू." इतकं होऊनही माझं तोंड उत्तर देण्यात सगळ्यांच्या पुढेच होतं.

तिला घरी आणलं तो दिवस बुधवार होता. बारा वाजले असतील. अव्वाने भाकरतुकडा ओवाळून टाकला. अक्का आत येऊन मागच्या भिंतीला टेकून बसली, तिच्या नेहमीच्या जागी. सहाही माग धडधडत होते. फळीवरच्या वाट्या वाजत होत्या.

अक्काने इकडेतिकडे बघितलं आणि मोठ्या आवाजात विचारलं, "माग का बंद हाईत आज? गल्लीत कुनी गेलं का काय?"

कुणी वारलं की त्या दिवशी शेडमधले माग बंद ठेवायचे. अव्वाने माझ्याकडे बघितलं.  अक्का आमची तोंडं बघत होती. मग तिने सावकाश हात उचलून मागे नेला आणि तळवा भिंतीला लावला. भिंत हादरत होती. तिने तसाच हात ठेवला, बराच वेळ. शेवटी म्हणाली, "सगळे चालू हाईत व्हय." आणि तिने हात मांडीवर घेतला.

दोन्ही कान गेले होते. डॉक्टरांनी सांगितलं, या रोगात ते होतं. लवकर उपचार मिळाले असते तर वाचले असते का, असं मी विचारलं. ते म्हणाले, कुणी सांगावं. दयाळू माणूस होता.

माझ्या शाळेतली दगडी पाटी माळ्यावरून काढली. अक्का मराठी चौथी शिकलेली होती, वाचता यायचं. काय हवं-नको ते आम्ही पाटीवर लिहायचो आणि ती ओरडून उत्तर द्यायची. पहिले काही दिवस गल्लीतली पोरं हसायची. शेडचे मालक एकदा सवयीने भिंतीपलीकडून ओरडले, "काय अक्का, किती चालू आहेत?" मग त्यांच्या लक्षात आलं असावं. पुन्हा कधी ओरडले नाहीत. अक्का मात्र अधूनमधून भिंतीला हात लावून बघायची.

त्या हिवाळ्यात एका सोमवारी दवाखान्याला कसलीशी सुट्टी होती. इतक्या वर्षांत सोमवारी दुपारी मी घरात असण्याचा तो पहिलाच प्रसंग. अक्काने नेहमीसारखी आंघोळ केली, विभूती लावली, पूजा केली. मी आतून धुमसत बघत होते, अजूनही उपवास! मग अव्वाने शिंक्यावरून अर्धी भाकरी काढली, तिच्यावर शेंगांची चटणी आणि दही घातलं आणि ताटली अक्कापुढे ठेवली. अक्काने ताटली कपाळाला लावली, भाकरी खाल्ली, हात धुतला आणि कोनाड्यातून पाकीट काढून गोळी घेतली.

मी अव्वाला विचारलं, "हे कधीपासून?"

"काय कधीपासनं?"

"सोमवारी जेवती ती?"

"तू उन्हाळ्यात आरडाओरडा केलास की नाई, तवापासनं," अव्वा म्हणाली. "लई लागलं तिला. म्हनली, तंगी माझ्यासाठी डोळे फोडती. मीच म्हनलं, खा तू, देवाला मी सांगते. एक सोमवार चुकला न्हाई गोळीचा."

तंगी म्हणजे धाकटी बहीण. अक्का मला लहानपणी तशी हाक मारायची.

"श्रावणात?"

"श्रावणात बी."

"मग मला का नाही सांगितलं?"

अव्वा म्हणाली, "तू कवा इचारलंस?" ती ताटली उचलून मोरीकडे गेली.

मी तिथेच जमिनीवर बसले. म्हणजे उन्हाळ्यापासून गोळी एकदाही चुकलेली नव्हती. डॉक्टरांना मी जे ठासून सांगितलं होतं, ज्याच्या जोरावर सुई टळली होती आणि तीन दिवस गेले होते, ते सगळं माझ्या डोक्यातलं होतं. अक्काने माझं ऐकलं होतं. आयुष्यभराचा नेम तिने माझ्या एका आरडाओरड्यासाठी मोडला होता. मीच तिला हट्टी ठरवून मोकळी झाले होते.

मला ते पोटात ठेवता आलं नाही. मी पाटी घेतली. दाबून लिहिताना पेन्सिल दोनदा तुटली. मी लिहिलं, "दवाखान्यात नेलं त्या दिवशी मी डॉक्टरांना सांगितलं की तू सोमवारी गोळ्या घेत नाहीस. त्यामुळे खरा आजार तीन दिवस उशिरा कळला. तुझे कान माझ्यामुळे गेले." एवढं लिहायला पाटीच्या दोन्ही बाजू लागल्या.

अक्काने पाटी घेतली. पहिली बाजू बोट फिरवत वाचली. उलटी करून दुसरी वाचली. मग परत पहिली वाचली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिने रडावं, पाटी माझ्या डोक्यात घालावी, काहीही करावं, असं मला वाटत होतं. पलीकडे माग चालूच होते.

तिने पदराचं टोक तोंडात ओलं करून पाटी दोन्ही बाजूंनी स्वच्छ पुसली आणि माझ्या हातात परत दिली. मग म्हणाली. बाकी सगळं ती ओरडून बोलायची. एवढंच मात्र, कसं कोण जाणे, हळू आवाजात म्हणाली.

"मला इचारायचं की गं. तवा येत हुतं मला ऐकू."